शेजाराची निवड आणि वर्णभेद

अमेरिकेतील अनेक शहरांत गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या वस्त्या आजही वेगळ्या दिसतात. पूर्वी कृष्णवर्णीयांना घर न विकण्याची अट खरेदीखतातच घातली जाई. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. १९६८ च्या कायद्याने घराच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद करण्यास मनाई केली. तरीही दरी पूर्णपणे बुजली नाही.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये यामागील एक प्रक्रिया उलगडून दाखविली. पटावर दोन प्रकारची नाणी मांडायची. आपल्यासारखे शेजारी एक तृतीयांशाहून कमी असतील, तर नाणे दुसरीकडे हलवायचे. एकाच्या स्थलांतराने दुसऱ्याचा शेजार बदलतो, मग तोही हलतो. अखेरीस पटावर दोन्ही नाण्यांचे वेगवेगळे पुंजके उरतात. म्हणजेच कोणाच्याही मनात तीव्र द्वेष नसतानाही वस्त्या दुभंगू शकतात.

अर्थात, कर्ज नाकारणाऱ्या बँकांचा व भेदभाव करणाऱ्या दलालांचा दोष यामुळे पुसला जात नाही. तेथील शाळांचा खर्च बराचसा स्थानिक मालमत्ता करातून भागतो; त्यामुळे वस्तीबरोबर मुलांचे शिक्षणही ठरते.