अंतराळयानांची नावे आणि नोंदणी क्रमांक

विज्ञानकथेतील अंतराळयान पडद्यावर आले की त्याच्या कवचावर दोन गोष्टी हमखास रंगविलेल्या दिसतात : एक नाव आणि एक क्रमांक. हा केवळ सजावटीचा भाग नाही. कल्पनेतील या यानांनी आपली ओळख सागरी जहाजांकडून आणि विमानांकडून उसनी घेतली आहे. क्रमांक एका विशिष्ट यानाची नोंद ठेवतो, तर नाव यानाहून अधिक काळ टिकू शकते. हा भेद ध्यानात घेतला की या परंपरेचे मर्म उलगडते.

क्रमांकाचे मूळ

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध क्रमांक म्हणजे ‘एनसीसी-१७०१’. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतील ‘एंटरप्राइज’ या यानाचा तो क्रमांक. मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफ्रीज स्वतः वैमानिक होते. अमेरिकेतील नागरी विमानांवर पूर्वी ‘एनसी’ ही अक्षरे असत. त्यांत आणखी एक ‘सी’ जोडून त्यांनी यानाची नोंदणी सिद्ध केली. नावाआधीची ‘यूएसएस’ ही अक्षरे मात्र अमेरिकी नौदलाकडून आली.

भारतीय वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणले, त्या पस मॉथ विमानावर ‘व्हीटी-एडीएन’ अशी अक्षरे होती. ‘व्हीटी’ हे भारतीय नोंदणीचे चिन्ह आजही आपल्या नागरी विमानांवर असते. ‘आयएनएस’ ही अक्षरेही तशीच. १९५० साली भारत प्रजासत्ताक झाल्यावर नौदलाच्या जहाजांवरील ‘एचएमआयएस’ हे ब्रिटिश राजसत्तेचे बिरुद गेले आणि ‘आयएनएस’ आले.

कथेतील क्रमांकांमागे दर वेळी शास्त्र असतेच असे नाही. १९६७ सालच्या एका भागात ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचे दुसरे यान दाखवायचे होते. त्यासाठी बाजारात मिळणारी ‘एंटरप्राइज’ची खेळण्यातील प्रतिकृती वापरली गेली आणि तिच्यावरील आकड्यांची अदलाबदल करून १७०१ चे १०१७ करण्यात आले. या आकड्याचा अर्थ लावण्यात चाहते पुढे कित्येक वर्षे गुंतले.

नद्यांची नावे

एका वर्गातील जहाजांना एकाच कुळातील नावे देण्याची प्रथा नौदलांत जुनी आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेत ‘डॅन्यूब’ वर्गातील छोट्या यानांना जगातील नद्यांची नावे दिली गेली. त्यांत ‘गँजिस’, म्हणजे आपली गंगाही होती.

मुंबईच्या माझगाव गोदीत याच्या दहा वर्षे आधी हेच घडले होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोल्हारजवळून वाहणारी प्रवरा पुढे प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. त्या गोदावरीचे नाव घेऊन १९८३ साली भारतीय आरेखनाची पहिली फ्रिगेट नौदलात दाखल झाली. पाठोपाठ त्याच वर्गातील ‘गंगा’ आणि ‘गोमती’ आल्या.

परंतु हे नाव धारण करणारी ती पहिली युद्धनौका नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘एचएमआयएस गोदावरी’ ही नौका ब्रिटिश भारताच्या नौदलात होती. १९४७ च्या फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तेथे तिचे नाव ‘सिंध’ झाले. जहाज सीमेपलीकडे गेले, नाव अलीकडे राहिले आणि ३६ वर्षांनी ते नव्या नौकेला मिळाले. ती ‘गोदावरी’ २०१५ साली निवृत्त झाली.

पुनर्जन्म : दोन पद्धती

जुने यान नष्ट झाल्यावर त्याचे नाव नव्या यानाला द्यायचे, तर क्रमांकाचे काय करायचे? ‘स्टार ट्रेक’च्या १९८४ सालच्या चित्रपटात ‘एंटरप्राइज’ नष्ट होते. १९८६ सालच्या चित्रपटात नवे यान येते, त्यावर ‘एनसीसी-१७०१-ए’ असे लिहिलेले असते. म्हणजे पूर्वजाचा मान राखला जातो आणि नव्याची वेगळी नोंदही होते.

भारतीय नौदलाने ‘विक्रांत’बाबत याहून पुढचे पाऊल टाकले. १९६१ साली दाखल झालेली पहिली ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली. नंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. ते २०१२ साली बंद झाले आणि २०१४ साली ती मोडीत निघाली. सप्टेंबर २०२२ मध्ये कोची येथे नवी ‘विक्रांत’ दाखल झाली, तेव्हा तिला नावासोबत जुना ‘आर ११’ हा क्रमांकही देण्यात आला. शेवटी कोणतेही अक्षर जोडले गेले नाही.

कथेकडून वास्तवाकडे

उसनवारी उलट दिशेनेही झाली आहे. ‘नासा’च्या पहिल्या चाचणी शटलचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरले होते. चाहत्यांच्या पत्रमोहिमेनंतर १९७६ साली ते ‘एंटरप्राइज’ झाले. त्याचा ‘ओव्ही-१०१’ हा क्रमांक मात्र नासाच्या स्वतःच्या पद्धतीचा होता. हे शटल प्रत्यक्ष अंतराळात कधीच गेले नाही.

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ शटल कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चारच दिवसांनी भारताच्या ‘मेटसॅट-१’ या हवामान उपग्रहाचे नाव ‘कल्पना-१’ करण्यात आले. २०२० साली अंतराळ स्थानकाकडे सामान घेऊन गेलेल्या एका अमेरिकी मालवाहू यानालाही ‘एसएस कल्पना चावला’ हे नाव मिळाले.

क्रमांक नोंदवहीसाठी असतो. नाव देताना मात्र कोणाची आठवण पुढे न्यायची, हे ठरवावे लागते. म्हणूनच विज्ञानकथेत यानाचे नाव निवडणे हे लेखकाचे किरकोळ काम नव्हे. भविष्यातील माणसे मागचे काय विसरली नाहीत, हे त्या एका शब्दातून वाचकाला कळते. मराठी लेखकाला अशी नावे शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. नद्या, गड आणि जुनी गलबते त्याच्या हाताशी आहेत.