वलवणचं पाणी आणि व्हॉल्व्हचा आवाज

वलवण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लोणावळा, धरण, पावसाळी ट्रॅफिक आणि चिक्की. या यादीत मी आज इलेक्ट्रिक गिटार घालणार आहे. थांबा, हसू नका. संबंध आहे, आणि तो चक्क तारेने जोडलेला आहे :-)

गोष्ट सुरू होते गिरण्यांपासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्या कोळशाच्या धुरावर चालत. सह्याद्रीत कोसळणाऱ्या पावसाची वीज करता येईल ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतल्या आर्किटेक्टने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी 1904 मध्ये गेले. कंपनी उभी राहिली 1910 मध्ये, लोणावळ्यात पायाभरणी झाली फेब्रुवारी 1911 मध्ये. लोणावळा, वलवण आणि शिरवता असे तीन तलाव. शिरवत्याचं पाणी बोगद्यातून वलवणला येतं आणि तिथून पुढे घाटमाथ्याच्या कडेला. एरवी हे पाणी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं. त्याला पश्चिमेला वळवून 500 मीटरहून जास्त खाली, खोपोलीच्या पेल्टन चाकांवर सोडलं. फेब्रुवारी 1915 मध्ये तिथली वीज मुंबईला पोहोचली.

आता जरा गणित. (ज्यांना बारावीच्या फिजिक्सची अॅलर्जी आहे त्यांनी हा परिच्छेद डोळे मिटून वाचावा.) समजा खोपोलीहून 40 मेगावॅट मुंबईला न्यायचे आहेत, अंतर सुमारे 70 किलोमीटर. आपल्या कारखान्यात येते तशा 400 व्होल्टच्या थ्री-फेजवर ते नेले तर तारेतून जवळजवळ 58,000 अँपिअर धावतील. दाब 1 लाख व्होल्ट केला तर फक्त 230. तारेतला तोटा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तोटा 62,500 पट कमी! म्हणून खोपोलीची लाईन सुमारे 1 लाख व्होल्टची होती. दाब पडता कामा नये, हेच त्या इंजिनिअरांचं ब्रीद. बरोबरच आहे. दाब पडला की मोटर रेंगाळणार, दिवे मिणमिणणार.

हीच वीज बेस्टमार्फत मुंबईच्या घरांत आणि स्टुडिओंत गेली. 1950 च्या दशकात व्हॅन शिप्ले मुंबईत इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते. तेव्हाचे अॅम्प्लिफायर म्हणजे व्हॉल्व्हचेच, ट्रान्झिस्टर अजून त्या जागी पोहोचला नव्हता. आजोबांच्या मर्फी रेडिओत जे लालसर चमकायचं, तेच ते. तेव्हा मुंबईच्या विजेत डोंगरातल्या पाण्याचा वाटा फार मोठा होता. म्हणजे मावळातला पाऊस थेट गिटारच्या तारेपर्यंत!

व्हॉल्व्ह अॅम्पमध्ये एक मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. तो भिंतीतल्या विजेपासून दोन मुख्य गोष्टी करतो. एक, व्हॉल्व्हच्या प्लेटसाठी 300-450 व्होल्टचा उच्च दाब. दोन, हीटरसाठी 6.3 व्होल्ट. (हा विचित्र आकडा मोटारीच्या बॅटरीतून आला. लेड-अॅसिडचे तीन सेल, प्रत्येकी 2.1 व्होल्ट.) ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर ठरलेलं, त्यामुळे भिंतीत 10 टक्के कमी तर आतही सगळीकडे साधारण 10 टक्के कमी.

मग आवाजाचं काय होतं? दाब जास्त असेल तर आवाज स्वच्छ, घट्ट, थोडा कडक. दाब कमी असेल तर व्हॉल्व्ह लवकर 'फुटायला' लागतो, पण मऊपणे. 10 टक्के दाब कमी झाला तर पॉवर साधारण 19 टक्के कमी होते. ऐकायला भयंकर वाटतं, पण डेसिबलमध्ये तो फरक एकाहून कमी. म्हणजे आवाज लहान झाल्याचं कानाला फारसं कळतही नाही. बोटांना मात्र कळतं.

त्यातही खरी मजा 'सॅग'ची. जुन्या अॅम्पमध्ये एसीचं डीसी करायलाही व्हॉल्व्हच असे आणि त्याला स्वतःचा बऱ्यापैकी रेझिस्टन्स. तार जोरात छेडली की करंट वाढतो, आतला दाब क्षणभर खाली बसतो, मग सावरतो. त्यामुळे सुराचा पहिला आघात दबतो आणि मागून सूर फुलत येतो. ब्लूज वाजवणारे या फुलण्यावर जीव टाकतात.

म्हणजे बघा, एकच ओहमचा नियम. खोपोली ते मुंबई लाईनवर दाब पडला तर तो तोटा. गिटारच्या अॅम्पमध्ये दाब पडला तर ते संगीत!

या खेळाचा सगळ्यात प्रसिद्ध खेळाडू एडी व्हॅन हेलन. 1978 च्या पहिल्या अल्बमवरचा त्याचा आवाज कसा आला यावर लोकांनी डोकी फोडली. दाब 140 व्होल्टपर्यंत वाढवतो असं तो एकदा सांगून बसला आणि ते ऐकून अनेकांनी आपापले अॅम्प जाळून घेतले. प्रत्यक्षात तो मार्शलचा दाब 90 च्या आसपास उतरवत असे. त्यासाठी त्याने वापरलं ते व्हेरिअॅक. इकडे इंजिनिअरिंगच्या मशीन्स लॅबमध्ये आपण त्याला डिमरस्टॅट म्हणतो. व्हायव्हाच्या आदल्या रात्री ज्याची आकृती पाठ केली, तेच यंत्र रॉक इतिहासात आहे हे सरांनी सांगितलं असतं तर..! असो.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे घरगुती दाब 230 व्होल्ट, अधिक-उणे 6 टक्के. म्हणजे नियमात राहूनही 216 ते 244. जुना परदेशी अॅम्प 220 च्या खुणेवर लावलेला असेल आणि मध्यरात्री लाईन 244 वर गेली, तर आतले 450 व्होल्ट होतात 499 आणि हीटरचे 6.3 होतात जवळजवळ 7. व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर दोघांचंही आयुष्य घटतं. उलट फार खाली नेलं तर हीटर थंड पडतो. 120 चे 90 केले की 6.3 चे 4.7 होतात, तेही व्हॉल्व्हच्या तब्येतीला बरं नाही. म्हणून मामांनी परदेशातून आणलेला किंवा चोरबाजारात सापडलेला अॅम्प सुरू करण्याआधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा, मीटरने भिंत मोजा. 240 ची खूण असेल तर ती वापरा. आणि झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. जाणकाराकडे द्या.

फोरमवाले 'ओरिजिनल टोन' शोधत पैसे घालवतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुठल्या व्होल्टचा ओरिजिनल? संध्याकाळी सगळ्या गावाने दिवे लावल्यावरचा, की पहाटे तीनचा? तो आवाज अर्धा अॅम्पचा होता आणि अर्धा त्या शहराच्या तारांचा.

पुढच्या वेळी एक्सप्रेसवेवरून जाताना वलवणचा तलाव दिसला की चिक्कीबरोबर हेही आठवा. बरं, डिमरस्टॅटवर अॅम्प चालवलेला कुणी आहे का इथे? कॉमेंटमध्ये सांगा, अनुभव ऐकायला आवडेल.