एकोणचाळीस शून्यांची कुळकथा

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक गणित असतं. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातली विजेची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या किती पट? दोन्ही बलं अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, त्यामुळे भागाकारात अंतर उडून जातं आणि हाती नुसता आकडा उरतो: २ वर ३९ शून्यं. विद्यार्थी उत्तराखाली दोन रेघा मारून पुढे जातात. पॉल डिरॅक तिथेच अडले.

१९३७ साली त्यांनी ‘नेचर’ला छोटंसं पत्र धाडलं. प्रकाशाला इलेक्ट्रॉनाएवढं अंतर कापायला लागणारा वेळ हे एकक धरलं, तर विश्वाचं वयही ३९ शून्यांच्याच घरात येतं. डिरॅक यांच्या मते हा योगायोग नव्हता. पण वय तर वाढतच जाणार. मग जोडी जुळती राहायला गुरुत्वाकर्षण क्षीण होत गेलं पाहिजे! नुकतंच जानेवारीत त्यांचं लग्न झालं होतं. लग्न केलं की माणसाचं काय होतं बघा, असं ते पत्र वाचून नील्स बोर म्हणाल्याची आठवण जॉर्ज गॅमो यांनी सांगितली आहे.

१९४८मध्ये एडवर्ड टेलर यांनी हिशेब मागे नेला. पूर्वी गुरुत्वाकर्षण जास्त, म्हणजे सूर्य प्रखर आणि पृथ्वी त्याच्या जवळ. मग ज्या समुद्रांतले जीवाश्म आपण जपून ठेवतो, ते समुद्र उकळत असायला हवे होते. तरी कल्पना चिवट निघाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांच्या सिद्धान्तातही गुरुत्वाकर्षण काळाबरोबर घटत होतं. चंद्रावरच्या आरशांवर लेसर मारून केलेल्या मोजमापांत मात्र ही घट सापडलेली नाही.

२००६मध्ये हार्वर्डच्या निमा अर्कानी-हामेद, लुबोश मोट्ल, आल्बेर्तो निकोलिस आणि कुमरुन वाफा यांनी प्रश्नच बदलला. गुरुत्वाकर्षण दुबळं असणं ही निसर्गाची सक्तीच तर नाही? विद्युतभार मावेल तितका ठासून भरलेलं कृष्णविवर घ्या. त्याला विरून जाता यायचं असेल, तर वस्तुमानाच्या मानाने पुरेसा भार असलेला एखादा कण हवा, म्हणजेच असे दोन कण शेजारी ठेवले तर ओढीपेक्षा विजेचा रेटा जास्त भरला पाहिजे. असा कण नसलेले सिद्धान्त ‘दलदली’त, म्हणजे क्वांटम गुरुत्वाकर्षणाशी न जुळणाऱ्यांच्या ढिगात, टाकायचे. ‘दलदल’ हे नाव वाफा यांनी आदल्याच वर्षी पाडलं होतं.

ही अजून अटकळच आहे. इलेक्ट्रॉन तिच्या कसोटीला सहज उतरतो, कारण दोन इलेक्ट्रॉनांमधला रेटा त्यांच्या ओढीच्या ४ वर ४२ शून्यं इतका पट आहे. पण अटीला हा रेटा ओढीहून जरासा जास्त असला तरी पुरतो. बाकीची शून्यं कुठून आली, ते तिच्यात नाही.