राजाची जखम, संगीतकाराची जखम

१/ १८ नोव्हेंबर १६८६. स्थळ : फ्रान्समधील व्हर्सायचा राजप्रासाद. युरोपातील सर्वांत बलाढ्य राजा, चौदावा लुई, वयाच्या ४८ व्या वर्षी शस्त्रवैद्याच्या स्वाधीन झाला. व्याधी होती भगंदर. त्या सकाळची कथा अनेकांनी ऐकली असेल. या थ्रेडमध्ये आपण त्यानंतरच्या आठवड्यांकडे पाहणार आहोत, कारण खरी कसोटी तेव्हाच लागली.

२/ प्रथम व्याधी समजून घेऊ. गुदद्वाराच्या आतील एखाद्या सूक्ष्म ग्रंथीत पू होतो, गळू होते आणि ते बाहेर वाट काढते. गळू फुटले तरी आतून त्वचेपर्यंत एक बोगदा उरतो. तो आपणहून क्वचितच बुजतो. बाहेरचे तोंड मिटते, आत पू साचतो, आणि पुन्हा ठणका सुरू होतो.

३/ लुईला जानेवारी १६८६ मध्ये सूज जाणवली. लेप झाले, मलमे झाली. बारेज येथील औषधी झऱ्यांचे पाणी राजाला देण्यापूर्वी तेथे इतर रुग्ण पाठवून पाहिले गेले. गुण आला नाही. अखेरीस राजाचा प्रमुख शस्त्रवैद्य शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स याच्यावर जबाबदारी आली.

४/ फेलिक्सने काही महिने मागून घेतले. त्या काळात त्याने रुग्णालयांतील गोरगरीब रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करून हात बसवला आणि एक वक्र, निमुळते शस्त्र खास घडवून घेतले. त्या रुग्णांपैकी कोण बरे झाले, कोणाचे काय झाले, त्यांची नावे काय, हे राजाच्या कथेत कुठेच येत नाही.

५/ बधिरीकरणाचे औषध नव्हते. ईथरचा जाहीर प्रयोग व्हायला अजून १६० वर्षे होती. फेलिक्सने बोगदा त्याच्या पूर्ण लांबीभर चिरून उघडा केला. राजाने वेदना निमूटपणे सोसली आणि त्याच दिवशी राज्यकारभाराची बैठकही घेतली. दरबार धन्य झाला. पण जखम अजून उघडीच होती.

६/ येथे शरीराचा एक नियम लक्षात घ्यावा. अशी जखम टाके घालून मिटवत नाहीत. ती तळापासून वर भरावी लागते. आधी तळाशी लालसर, दाणेदार नवे मांस धरते, खोली कमी होत जाते, कडा आकसतात आणि शेवटी त्वचा येते. हा क्रम उलटला, म्हणजे वरची त्वचा आधी जुळली, तर खाली पोकळी राहते आणि भगंदर परततो.

७/ लुईच्या बाबतीत नेमकी हीच भीती उभी राहिली. जखम हवी तशी भरेना. आत कठीण भाग राहिले होते. डिसेंबरमध्ये फेलिक्सला पुन्हा छेद घ्यावे लागले. बरी होऊ पाहणारी राजाची जखम पुन्हा चिरणे, हे पहिल्या छेदापेक्षाही धाडसाचे होते. जानेवारीत मात्र राजा हिंडूफिरू लागला, आणि ३० जानेवारी १६८७ रोजी पॅरिसच्या नगरभवनात त्याचे थाटात स्वागत झाले.

८/ हे ज्ञान फेलिक्सपासून सुरू झालेले नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्याची गणना आठ महाव्याधींत केली आहे. व्रणाच्या उपचारात तेथे दोन पायऱ्या मानल्या आहेत : आधी शोधन, मग रोपण. म्हणजे जखम आधी स्वच्छ करायची, मगच भरून आणायची.

९/ ग्रीक हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात बोगद्यातून घोड्याच्या केसासह जवसाच्या तंतूचा दोरा ओवून तो हळूहळू आवळण्याची रीत आहे. १३७६ च्या सुमारास इंग्लंडच्या जॉन आर्डर्नने या व्याधीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो बोगदा कापून उघडत असे. मात्र नंतर जखमेवर दाहक औषधे मारण्यास त्याचा विरोध होता.

१०/ दोऱ्याची ही वाट आजही बुजलेली नाही. सुश्रुताच्या क्षारसूत्राला विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी नवे रूप दिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत क्षारसूत्राने भगंदर परतण्याचे प्रमाण कमी दिसले. जखम भरायला मात्र शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आठवडे लागले. घाई आणि खात्री एकत्र मिळाली नाहीत.

११/ आता दुसरी जखम. राजा बरा झाल्याच्या आनंदात ८ जानेवारी १६८७ रोजी पॅरिसमध्ये ईशस्तवनाचा मोठा कार्यक्रम झाला. संचालन करीत होता दरबारी संगीतकार ज्याँ-बातिस्त ल्युली. ताल देण्यासाठी जड काठी जमिनीवर आपटताना ती त्याच्याच पायावर बसली. जखम चिघळली, पाय सडू लागला. पाय कापण्यास त्याने नकार दिला असे सांगतात. २२ मार्च १६८७ रोजी तो मरण पावला.

१२/ राजाची खोल जखम भरली आणि संगीतकाराला पायाच्या लहानशा दुखापतीने नेले. जंतूंविषयी दोघांच्याही वैद्यांना काही ठाऊक नव्हते. फरकात दैवाचा वाटा होताच. पण राजाची जखम उघडी होती, पू बाहेर पडत होता, रोज कोणीतरी तिच्याकडे पाहत होते आणि चुकीचे भरणे वेळीच ओळखले गेले.

१३/ फेलिक्सला जहागीर आणि भरघोस बक्षीस मिळाले, शस्त्रवैद्यांची प्रतिष्ठा वाढली आणि १७३१ मध्ये पॅरिसला त्यांची स्वतंत्र अकादमी उभी राहिली. इतिहास शस्त्र चालवणाऱ्याचा दिवस लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी एखाद्या ‘यशस्वी’ शस्त्रक्रियेविषयी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा : जखम भरायला किती दिवस लागले? आणि तो हात आधी कोणावर बसवला होता?