गु.र.नं. ते क्रि. अपील : फौजदारी खटल्याच्या नावातील संक्षेप कसे वाचावेत?

तालुक्याच्या कोर्टात नेहमी दिसणारे दृश्य. अत्याचाराची तक्रार दिलेले कुटुंब एफआयआरची प्रत घेऊन लिपिकासमोर उभे असते. "आमची तारीख कधी आहे साहेब?" लिपिक विचारतो, "केस नंबर?" ते प्रतीवरचा नंबर सांगतात. "हा पोलीस स्टेशनचा नंबर झाला. कोर्टाचा आणा." कुटुंब परत फिरते. माझ्यासोबत आलेल्या एका कुटुंबाच्या बाबतीत तर ते पोलिसांचा नंबर धरून बसले आणि त्याच इमारतीत आरोपीच्या जामिनावर वेगळ्या नंबरने सुनावणी होऊन गेली.

एकाच घटनेचा नंबर आणि नाव टप्प्याटप्प्याला बदलते, ही गोष्ट कार्यकर्त्याने आधी समजून घेतली पाहिजे. अट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ नुसार जामिनासह प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला आहे. पण कोणत्या कागदावर काय लिहिले आहे हेच कळले नाही तर हा हक्क वापरता येत नाही.

पोलीस ठाण्यात

- गु.र.नं. किंवा सी.आर. नं. : गुन्हा रजिस्टर नंबर. "गु.र.नं. ४५/२०२५" म्हणजे त्या ठाण्यात २०२५ साली नोंदलेला ४५ वा गुन्हा. ठाण्याचे नाव सोबत नसेल तर या नंबरला अर्थ नाही, कारण प्रत्येक ठाण्यात ४५ नंबर असतोच.
- एन.सी. : अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस यात तपास करू शकत नाहीत. अट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत. जातीवाचक शिवीगाळीच्या तक्रारीवर एन.सी.ची पावती हातात दिली, तर नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा. तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.
- ए.डी. : अकस्मात मृत्यूची नोंद. विदर्भात याला मर्ग म्हणतात. ही चौकशी असते, गुन्हा नव्हे. संशयास्पद मृत्यू केवळ ए.डी.वर थांबला असेल, तर गु.र.नं. पडला का, हे विचारत राहिले पाहिजे.
- झिरो एफआयआर : घटना दुसऱ्या हद्दीत घडली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद. ती संबंधित ठाण्यात पाठवल्यावर नवा गु.र.नं. पडतो. तो मागून घ्या.

तपास संपल्यावर

पुरावा मिळाला तर आरोपपत्र जाते. नाही तर पोलीस "समरी" अहवाल पाठवतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ब समरी म्हणजे तक्रार खोटी, खोडसाळ. क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली तक्रार. समरी हे पोलिसांचे मत असते, निकाल नसतो. ती मान्य करण्याआधी फिर्यादीला नोटीस येते आणि त्या वेळी निषेध अर्ज देता येतो. "ब" हे एक अक्षर न वाचता नोटिशीवर सही करून घरी येऊ नका.

तालुका आणि जिल्हा न्यायालयात

- आर.सी.सी. : रेग्युलर क्रिमिनल केस. दंडाधिकाऱ्यांसमोरचा नेहमीचा फौजदारी खटला.
- एस.सी.सी. : किरकोळ, संक्षिप्त पद्धतीने चालणारे खटले. चेक न वटल्याचे खटलेही बहुधा यातच असतात.
- सेशन्स केस : खून, बलात्कारासारखे गंभीर खटले. आरोपपत्र आधी दंडाधिकाऱ्यांकडे आर.सी.सी. म्हणून येते आणि सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यावर नंबर बदलतो. काही कागदांवर "एस.सी." एवढेच असते. त्याचा अनुसूचित जातीशी संबंध नाही.
- स्पे. केस : विशेष न्यायालयातील खटला. अट्रॉसिटी आणि पॉक्सोचे खटले यात येतात, म्हणून कंसातले कायद्याचे नावही वाचा. आरोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत अट्रॉसिटीचा खटला संपवावा, असे कायदा म्हणतो.
- क्रि. एम.ए. : किरकोळ फौजदारी अर्ज. पोलीस गुन्हा घेत नाहीत म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज अनेकदा या नावाने नोंदला जातो.
- क्रि. बेल अर्ज : जामीन अर्ज. याचा नंबर मुख्य खटल्याहून वेगळा असतो. वर सांगितलेले कुटुंब इथेच चुकले.

चॅप्टर केस मात्र यात धरू नका. ती शांततेच्या जामिनासाठीची प्रतिबंधक कारवाई असते आणि बहुतेक वेळा तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर चालते. मोर्चानंतर कार्यकर्त्यांना हा कागद आला म्हणजे शिक्षा झाली असे नव्हे, पण तारीख चुकवू नये.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात

बी.ए. म्हणजे जामीन अर्ज, ए.बी.ए. म्हणजे अटकपूर्व जामीन अर्ज, क्रि. रिव्हिजन म्हणजे पुनरीक्षण, क्रि. रिट म्हणजे फौजदारी रिट याचिका. नागपूर खंडपीठात दिसणारे एपीएल बहुधा गुन्हा रद्द करण्यासाठीचा अर्ज असतो.

आपल्यासाठी महत्त्वाचे असे की अट्रॉसिटीत विशेष न्यायालयाच्या जामीन आदेशाविरुद्ध कलम १४-अ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील होते. म्हणून ते प्रकरण बी.ए.च्या यादीत न सापडता क्रि. अपील म्हणून नोंदलेले असते. सर्वोच्च न्यायालयातील एस.एल.पी. (क्रि.) ही अपिलाची परवानगी मागणारी याचिका आहे. परवानगी मिळाली की तिचा नंबर बदलून क्रि. अपील होतो.

खैरलांजीचेच पाहा. २००६ च्या हत्याकांडाचा खटला भंडाऱ्याच्या न्यायालयात चालला, २००८ मध्ये सहा जणांना फाशी झाली. फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते, म्हणून आरोपींच्या अपिलांसोबत कन्फर्मेशन केस नागपूर खंडपीठात आली. २०१० मध्ये त्या फाशींची २५ वर्षांची शिक्षा झाली.

नावात आपण का नसतो?

"महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक व इतर" असे वाचून फिर्यादी विचारतात, आमचे नाव कुठे? फौजदारी खटला शासन चालवते, म्हणून पहिले नाव शासनाचे. आरोपीने अर्ज किंवा अपील केले की आरोपीचे नाव आधी आणि शासनाचे नंतर. लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव मात्र कायद्यानेच झाकले जाते. आपणही ते पोस्टमध्ये टाकू नये.

एवढे कराच

न्यायालयातील प्रकरणाला सोळा अक्षरांचा-अंकांचा सी.एन.आर. नंबर असतो. आपल्या राज्यातील जिल्हा न्यायालयांचा "एमएच" ने सुरू होतो आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्यावरून पुढची तारीख दिसते. सी.एन.आर. माहीत नसेल तर पोलीस ठाणे, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकूनही शोधता येते.

प्रत्येक कुटुंबासाठी एक वही करा. त्यात ठाणे व गु.र.नं., खटल्याचा नंबर, प्रत्येक जामीन अर्जाचा नंबर, सी.एन.आर. आणि पुढची तारीख लिहा. नवा कागद आला की त्याच दिवशी नोंद करा. वकील बदलतात, कार्यकर्ते बदलतात, पण वही घरात राहिली तर कुटुंबाला स्वतःची केस स्वतः विचारता येते.