कण्हणाऱ्या बाळाने वैद्यकाला काय शिकवले?

१/ पावसाळ्यातील गगनबावडा डोळ्यांपुढे आणा. सह्याद्रीच्या माथ्यावरील गाव. येथून कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे 'सीपीआर', सुमारे ५५ किलोमीटर. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, श्वासागणिक कण्हणारे बाळ तेथवर कसे तगेल? या प्रश्नाचे उत्तर त्या कण्हण्यातच दडले होते. त्याचा हा इतिहास.

२/ ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. देशातील उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी होते. तरीही ३९ तासांत त्याचा श्वास थांबला.

३/ आजाराचे मूळ तेव्हा ठाऊक झाले होते. अशा बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट हे द्रव्य अपुरे असते, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले होते. त्यामुळे श्वास सोडताच वायुकोश मिटतात. पुढच्या श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. बाळ थकत जाते.

४/ १९६८ मध्ये केप टाउनच्या हॅरिसन, हीस व क्लाइन यांनी कण्हण्याचा अर्थ शोधला. कण्हताना बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून हवा अडवते आणि वायुकोश उघडे ठेवते. श्वासनलिकेत नळी घालून कण्हणे थांबवले, की रक्तातील ऑक्सिजन घटे. ज्याला आपण केवळ वेदना समजत होतो, तो बाळाचा स्वतःचा उपचार होता!

५/ सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी तोच दाब बाहेरून, अखंड दिला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदीत २० पैकी १६ बाळे वाचली. मात्र बहुतेकांच्या श्वासनलिकेत नळी होतीच. १९७३ मध्ये काटविंकेल व सहकाऱ्यांनी हा दाब नाकातील आखूड नळ्यांतून दिला. घशात काही घालण्याची गरज उरली नाही.

६/ याचे सर्वांत साधे रूप म्हणजे 'बबल सीपॅप'. बाळाच्या नाकाकडे हवा व ऑक्सिजनचा प्रवाह सोडायचा आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक बाटलीतील पाण्यात बुडवायचे. टोक ५ सेंटिमीटर खोल, तर दाबही ५ सेंटिमीटर पाण्याइतका. बुडबुडे थांबले, की कोठेतरी हवा गळते आहे, असे परिचारिकेने समजावे.

७/ बाटली स्वस्त आहे. जागती नजर नव्हे. दाब वाढला तर फुप्फुस फाटू शकते, नळी रुतली तर नाकाची त्वचा सोलते. म्हणून यंत्राबरोबर प्रशिक्षित हातही हवेत. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पुत्राला जे लाभले नाही, ते आज पाण्याच्या बाटलीवर उभे आहे. घाटमाथ्यावरच्या बाळापर्यंत ते वेळेत पोहोचवणे, हा या इतिहासाचा अपुरा राहिलेला अध्याय.