डेमलो संख्या आणि देवळालीचे एक शिक्षक

इटारसी-नागपूर लोहमार्ग पांढुर्ण्यावरून जातो. तो एके काळी 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' रेल्वेचा होता. त्याच रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेमलो नावाचे स्थानक होते. आजचे डोंबिवली ते हेच. स्थानकाचे ते नाव व्यवहारातून गेले, गणितात मात्र राहिले. १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या आणि तिची भावंडे यांना डेमलो संख्या म्हणतात. असल्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्या स्थानकावर सुचली, म्हणून दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हे नाव ठेविले. १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळाशिक्षक होते. पांढुर्णा-सौंसरकडील शिक्षकबंधूंपुढे ही संख्या ठेवावी असे आम्हांस वाटते ते याचसाठी.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक त्यांना मिळाले. पदवीपुढील शिक्षण मात्र घडले नाही.

आता संख्येकडे वळू. नऊ एकांची जी संख्या, १११११११११, तिचा हा वर्ग होय. गुणाकार मांडला असता मधल्या स्तंभात नऊ एक येतात आणि हातचा कोठेच राहत नाही. म्हणून अंक पायरीपायरीने चढतात व उतरतात. दहा एक घेतले की हातचा येतो आणि आकृती मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्या मापाने आपल्या संख्येतील पहिला १ 'मध्य' या स्थानी पडतो, आणि मधला ९ अर्बुदावर.

हिच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने हिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. (१९७७ नंतर परदेशांत यांनाच निव्हेन संख्या म्हणू लागले. आम्हांस संस्कृत नावच अधिक गोड वाटते.) उलट ८१ ने गुणले तर ९९९९९९९९८००००००००१ येते. ही बरोबर अठरा अंकी असून हिचा पहिला ९ परार्धावर बसतो. हा ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग करून मिळविले की मूळ संख्याच परत येते. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात; लहान उदाहरण ५५ चे: वर्ग ३०२५, आणि ३० व २५ मिळून ५५. म्हणजे कापरेकरांच्या तीन कल्पना एकाच संख्येभोवती जमल्या आहेत.

हा निव्वळ आकड्यांचा खेळ, असे म्हणून अनेक तज्ज्ञांनी कापरेकरांची उपेक्षा केली. खेळ आहे खरा; पण 'असे का?' हा प्रश्न त्यातूनच निघतो. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९८६ साली कापरेकर निवर्तले.

एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांत हर्षद तीनच निघतात: एक, तीन आणि नऊ एकांचे. सात एकांचा वर्ग का नाही? त्याच्या अंकांची बेरीज ४९. आणि सात एकांच्या संख्येचे अवयव आहेत २३९ व ४६४९, त्यांत सात कोठेच नाही. बाकीच्या पाचांचा हिशेब सौंसरच्या वर्गातील मुलांनी फळ्यावर करून पाहावा.